पाणीपट्टीचा दर व कालव्याचा जमाखर्च

पाणीपट्टी वाढणार अशी वार्ता आली म्हणजे गांवोगांवच्या पारावर दोन प्रकारचें बोलणें ऐकूं येतें. एक पक्ष म्हणतो, "आधींच शेती परवडत नाहीं, त्यांत हा नवा भार कशाला?" दुसरा पक्ष म्हणतो, "पट्टी वाढली नाहीं तर कालव्याची दुरुस्ती व्हावी कशी?" हीं दोन्ही बोलणीं खोटीं नाहींत. परंतु त्या दोहोंतही एक गोष्ट राहून जाते, व ती ही कीं, ज्या जमाखर्चाच्या आधारें दर वाढवावयाचा तो जमाखर्च कोणीं पाहिला आहे काय? सालगड्याची मजुरी, बियाणें, खत, औषध यांचा हिशेब जो शेतकरी पै-पैशानें ठेवितो, तोच पाणीपट्टीचें बिल हातीं आलें म्हणजे एक तर मुकाट्यानें भरतो, नाहीं तर न भरतां खुंटीस अडकवून ठेवितो. ह्या दोन्ही रीति आपल्या तोट्याच्या आहेत, असें आमचें मत आहे. म्हणून दर कोण ठरवितें, कसा ठरवितें, व त्यांत आपण कोठें लक्ष घालावयास पाहिजे, याचा विचार नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील बंधूंसाठीं येथें थोडक्यांत मांडीत आहों.

दर कोण ठरवितें ?

आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व पाटबंधाऱ्यांसंबंधीं येथें हैदराबादचा १३५७ फसलीचा कायदा चालत असे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ यानें तो रद्द होऊन साऱ्या राज्यास एकच कायदा लागू झाला. त्यानंतर कित्येक वर्षें पाणीपट्टीचे दर सरकार स्वतः ठराव करून ठरवीत असे. निवडणुकीचें वर्ष आलें कीं दर थांबत, तिजोरींत खडखडाट झाला कीं ते वाढत. त्यांस शास्त्र असें फारसें नव्हतें.

२००५ सालीं दोन नवे कायदे झाले. एक, महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरण अधिनियम. व दुसरा, सिंचन पद्धतीचें शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयींचा अधिनियम. जागतिक बँकेच्या कर्जावर चालावयाचा जलक्षेत्र सुधार प्रकल्प त्याच वर्षीं मंजूर झाला, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्या कायद्यानें मुंबईस एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालें. पाण्याचे ठोक दर कोणत्या तत्त्वावर असावे हें ठरविणें व दर तीन वर्षांनीं त्यांचा फेरविचार करणें हें त्याचें एक मुख्य काम. जायकवाडींत पाण्याचा तुटवडा पडल्यास वरच्या धरणांनीं खालीं किती पाणी सोडावें, याविषयींचा २०१४ चा आदेश याच प्राधिकरणानें दिला. त्यामुळें मराठवाड्यांतील पुष्कळांस त्याचें नांव तरी ठाऊक आहे. दरासंबंधींचा त्याचा पहिला आदेश २०११ मध्यें, दुसरा २०१८ च्या जानेवारींत व तिसरा २०२२ च्या मार्चांत निघाला. कायदा तीन वर्षें म्हणतो, परंतु पहिल्या व दुसऱ्या आदेशांमध्यें जवळ जवळ सात वर्षें गेलीं, हें यावरून दिसेल.

कायद्यांतील मुख्य तत्त्व असें आहे कीं, पाणीपट्टींतून सिंचनाचें व्यवस्थापन, कारभार, चालविणें व देखभाल यांचा संपूर्ण खर्च निघाला पाहिजे. धरण बांधण्यास लागलेलें भांडवल व त्यावरील व्याज हें त्यांत धरावयाचें नाहीं. ही सवलत लहानसहान नव्हे. परंतु तिच्या उलट बाजूस असेंही आहे कीं, चालू खर्चाचा आंकडा जेवढा फुगेल तेवढा दर फुगेल. तेव्हां त्या आंकड्यांत काय घातलें आहे हें पाहण्याचा हक्क पट्टी भरणारासच आहे.

दर हा एक भागाकार आहे

कितीही मोठे तज्ज्ञ बसविले तरी दराचें मूळ एका सोप्या भागाकारांत आहे. वर खर्च, खालीं पाणी. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. समजा, एका कालव्यावर वर्षास ६० लाख रुपये खर्च झाला व कालव्याच्या तोंडाशीं ३ कोटी घनमीटर पाणी सोडलें. खर्चास पाण्यानें भागिलें तर घनमीटरास २० पैसे पडतात. आतां समजा कीं, सोडलेल्या पाण्यापैकीं निम्में वाटेंत मुरलें, फुटलें अथवा नोंदीवांचून वापरलें गेलें, आणि दीड कोटी घनमीटराचीच आकारणी झाली. खर्च तोच ६० लाख; पण दर आतां ४० पैसे झाला. म्हणजे शेतकऱ्याच्या शेतांत एक थेंबही अधिक न येतां त्याची पट्टी दुप्पट झाली.

ही वाढ पिकाच्या हिशेबांत कशी दिसते तें पाहा. एक क्युसेक प्रवाह म्हणजे सेकंदास सुमारें २८.३ लिटर, म्हणजेच तासास सुमारें १०२ घनमीटर पाणी. तो आठ तास एका हेक्टरावर धरला तर सुमारें ८१६ घनमीटर पाणी बसतें, म्हणजे जमिनीवर साधारण आठ सेंटिमीटर. एवढी एक पाळी २० पैशांच्या दरानें सुमारें १६३ रुपयांस पडते. ४० पैशांच्या दरानें ३२६ रुपयांस. हरभऱ्यास अशा दोन पाळ्या, गव्हास पांच-सहा, व उसास तर त्याच्या कितीतरी पट! वाटेंत मुरलेल्या पाण्याची किंमत पिकागणिक अशी वाढत जाते.

म्हणून दर वाढविण्याचा प्रस्ताव पुढें आला म्हणजे विचारावयाचा प्रश्न, "दर किती वाढला?" हा नसून, "भागाकारांतील वरचा आंकडा वाढला कीं खालचा घटला?" हा आहे. महागाईनें मजुरी व सिमेंट यांचे भाव वाढून वरचा आंकडा वाढला असेल, तर वाढींत कांहीं न्याय आहे. खालचा आंकडा गळतीनें घटला असेल, तर ती वाढ म्हणजे दुसऱ्याच्या हयगयीचा दंड होय.

वरचा आंकडा : खर्च

कालव्याच्या खर्चाचे ढोबळ मानानें तीन भाग पडतात. पहिला आस्थापनेचा, म्हणजे अभियंत्यापासून चौकीदारापर्यंतचे पगार. दुसरा देखभाल-दुरुस्तीचा, म्हणजे गाळ काढणें, झुडपें तोडणें, दारांची डागडुजी, अस्तरीकरणाची दुरुस्ती. तिसरा विजेचा, पण तो जेथें पाणी उचलावें लागतें तेथेंच.

आपल्या नांदेडजवळील विष्णुपुरीचें उदाहरण या तिसऱ्या भागासाठीं फार बोधक आहे. गोदावरीवरील ह्या जलाशयाचा उपयुक्त साठा ८०.७९ दशलक्ष घनमीटर आहे. तेथें पाणी आपोआप कालव्यांत उतरत नाहीं. तें मोठाल्या पंपांनीं उचलून मग कालव्यांत टाकावें लागतें. उलट इसापूरच्या धरणाचा साठा ९६४ दशलक्ष घनमीटर असून, त्यांतील पाणी उतारानें वाहत अर्धापूरच्या केळीबागांपर्यंत येतें. एका ठिकाणीं वीजबिल थकलें तर जलाशय तुडुंब भरलेला असतांही पाळी चुकेल. दुसऱ्या ठिकाणीं पैसा नसला तर झुडपें वाढतील व गाळ सांचेल, पण पाणी येण्याचें सर्वस्वी थांबणार नाहीं. ह्या दोन योजनांचा खर्च एकाच रांगेंत मांडून सरासरी काढली, तर कोणत्या योजनेवर पैसा कोठें मुरतो तें कधींच कळणार नाहीं. यास्तव जमाखर्च प्रकल्पवार मिळाला पाहिजे, ही पहिली मागणी.

दुसरी मागणी पगार व दुरुस्ती यांच्या प्रमाणाविषयीं. शंभर रुपये खर्चापैकीं आस्थापनेवर किती व प्रत्यक्ष चारीवर किती हा आंकडा दरवर्षीं जाहीर झाला पाहिजे. चौकीदारास पगार न देतां कालवा चालेल असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु दरवाढीचें कारण म्हणून दुरुस्तीचें नांव पुढें करावयाचें, व वाढीव पैशांतून दुरुस्तीस कांहींच उरूं द्यावयाचें नाहीं, हा व्यवहार सरळ नव्हे.

खालचा आंकडा : पाणी

पाण्याचा हिशेब मांडण्याचें काम आपल्या राज्यांत झालेलेंच नाहीं असें नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें जल व सिंचन यांच्या मुख्य लेखापरीक्षकांचें कार्यालय असून, जललेखा अहवाल व स्थिरचिन्हांकन अहवाल तयार करण्याची प्रथा ह्या शतकाच्या आरंभापासून पडली. स्थिरचिन्हांकन हा शब्द अवघड वाटला तरी अर्थ सोपा आहे. निरनिराळे प्रकल्प एकाच मापानें मोजून कोण पुढें व कोण मागें तें पाहणें, एवढाच तो अर्थ. त्यांतील एक माप असें आहे कीं, एक दशलक्ष घनमीटर पाण्यांत १३० हेक्टर भिजलें पाहिजे, म्हणजे हेक्टरीं ७,६९२ घनमीटराहून अधिक पाणी लागूं नये. दुसरें माप वसुलीचें : देखभालीस जेवढा खर्च झाला त्याच्या किती हिस्सा पट्टींतून हातीं आला.

हीं मापें हातांत असलीं म्हणजे शेतकऱ्यासही परीक्षा करतां येते. वरच्या काल्पनिक कालव्याचेंच पाहा. ३ कोटी घनमीटर म्हणजे ३० दशलक्ष. त्यांत १३० च्या मापानें ३,९०० हेक्टर भिजावयास पाहिजेत. प्रत्यक्षांत १,९५० हेक्टरांचीच नोंद निघाली, तर उरलेलें पाणी गेलें कोठें, हा प्रश्न कोणासही विचारतां येईल. त्यास अभियंत्याची पदवी लागत नाहीं.

पण हें सर्व मोजण्यावर अवलंबून आहे, आणि मोजणींतच आमचें घोडें पेंड खातें. प्रस्तुत लेखकाच्या शेताजवळून एक चारी जाते. तिच्या तोंडाशीं पाणी मोजण्याचें साधन बांधलेलें आहे. त्याची मोजपट्टी निखळून पडल्यास कित्येक हंगाम झाले. शेजारच्या पोरांनीं ती उचलून गोठ्याच्या दारास आडणा केला. तरी प्रत्येक पाळीस नोंदवहींत प्रवाहाचा आंकडा मात्र नियमानें पडत असे. एके दिवशीं आम्हीं नोंद करणाऱ्या गृहस्थांस नम्रपणें विचारलें, "साहेब, पट्टी तर नाहीं, मग आंकडा कोठून आला?" त्यांनींही तितक्याच सरळपणें उत्तर दिलें, "काका, मागच्या पाळीचा घातला. वहीची ओळ रिकामी ठेवून कसें चालेल?" त्या गृहस्थांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. एका माणसाकडे दहा गांवें दिलीं म्हणजे तो दुसरें काय करणार? परंतु अशाच आंकड्यांची बेरीज वरवर चढत जाऊन शेवटीं दराच्या भागाकाराखालीं बसते, हें विसरतां येत नाहीं. त्या मोजपट्टीची किंमत असून असून किती असणार? पण ती नसल्यामुळें सबंध चारीचा हिशेब अंदाजावर चालतो.

दुष्काळी वर्षाचा भार कोणावर ?

मराठवाड्यांत ह्या प्रश्नास आणखी एक बाजू आहे, व पश्चिम महाराष्ट्राकडील कालव्यांवर ती इतक्या तीव्रतेनें जाणवत नाहीं. आपलीं धरणें दरवर्षीं भरत नाहींत. धनेगांवच्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारें १७७ दशलक्ष घनमीटर. तो पूर्ण भरला व सर्व पाणी शेतीस मिळालें, तर १३० च्या मापानें सुमारें २३ हजार हेक्टर भिजतील. पण हा झाला कागदावरचा हिशेब. त्यांतून बाष्पीभवन जावयाचें, लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब इत्यादि गांवांचें पिण्याचें पाणी राखून ठेवावयाचें, कारखान्यांस द्यावयाचें, व मग उरेल तें शेतीचें. पाऊस पडला नाहीं तर शेतीचें कांहींच उरत नाहीं.

२०१६ सालीं काय झालें तें सर्वांच्या स्मरणांत आहे. मांजरा धरण कोरडें पडलें, व एप्रिलांत मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटर अंतरावरून आगगाडीनें लातूरास पाणी आणावें लागलें. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, व तिच्यांतून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी धावूं लागली. मे महिन्यांत रेल्वेकडून सुमारें ४ कोटी रुपयांचें बिल जिल्ह्याकडे गेलें, तोंवर सुमारें ६ कोटी लिटर पाणी पोहोंचलें होतें. म्हणजे एका घनमीटरास साडेसहाशे रुपयांहून अधिक. तें बिल कोणीं भरावें हा वाद निराळा. पण धरणांत पाणी असणें याची खरी किंमत काय, हें त्या एका आंकड्यानें जितकें स्पष्ट होतें तितकें शंभर व्याख्यानांनीं होणार नाहीं.

आतां अशा वर्षीं कालव्याच्या जमाखर्चाचें काय होतें? पाणी सोडलेलें नाहीं म्हणून शेतीची आकारणी शून्य. पण पगार, राखण व धरणाची देखभाल हीं चालूच. वसुलीचें प्रमाण एकदम खालीं येतें, आणि अहवालाच्या रकान्यांत मराठवाड्याचा शेतकरी पट्टी न देणारा म्हणून उभा राहतो! त्यास पाणीच मिळालें नाहीं, ही गोष्ट रकान्यांत दिसत नाहीं.

यावर उपाय असा कीं, दराचा पाया एका वर्षाचा न धरतां निदान पांच वर्षांचा धरावा. आमच्या काल्पनिक कालव्यावर पांच वर्षांचा खर्च ३ कोटी रुपये. व पाणी दोन वर्षें ३ कोटी घनमीटर, दोन वर्षें दीड कोटी, एक वर्ष शून्य, असें एकूण ९ कोटी. दर पडला सुमारें ३३ पैसे. भरल्या वर्षाच्या २० पैशांहून तो अधिक आहे, हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. परंतु त्याच्या जोडीस दुसरें तत्त्वही लावलें पाहिजे. ज्या वर्षीं सर्व पाणी शहरासाठीं राखलें जातें, त्या वर्षीं धरणाचा खर्चही तें पाणी पिणाऱ्या शहरानें उचलावा. शेतकऱ्यानें पाळी सोडली, पिकावर पाणी सोडलें, तें माणसें जगावीं म्हणून. व त्याविषयीं त्याची तक्रारही नाहीं. पण त्यानेंच पुन्हां त्या राखलेल्या पाण्याचा खर्च भरावा, हें न्यायाचें नव्हे.

आकारणी व वसुली

प्राधिकरणाच्या आदेशांत शेतीचा दर सर्वांत कमी, घरगुती पाण्याचा त्याहून अधिक व कारखान्यांचा सर्वांत अधिक, असा क्रम ठेविलेला आहे. ज्याची देण्याची शक्ति अधिक त्यानें अधिक भार उचलावा, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु आदेशांत दर लिहिला म्हणजे पैसा आला असें नाहीं. आकारणी किती झाली व वसुली किती झाली हे दोन निरनिराळे आंकडे आहेत. शेतकऱ्याची थकबाकी गांवच्या चावडींत वाचून दाखवितां येते. नगरपालिका, महानगरपालिका व कारखाने यांच्याकडील थकबाकीही तशीच नांवनिशीवार जाहीर झाली पाहिजे.

येथें आपल्याही पदरांतील दोष सांगितला पाहिजे, नाहीं तर हा लेख एकांगी होईल. सात नंबरचा पाणी अर्ज न भरतां रात्रीं दार उघडून पाणी घेणारे आपल्यांत कमी नाहींत. कालव्यावर इंजिन अथवा मोटार टाकून बाग भिजविणारे व कागदोपत्रीं जमीन कोरडवाहू दाखविणारे आपल्यांत आहेत. पांच एकरांचा ऊस व नोंद दोन एकरांची, हेंही आपण पाहतों. असें चोरलेलें पाणी सरकारचें जातें असा समज आहे. परंतु वरच्या भागाकारावरून दिसेल कीं, तें शेजाऱ्याचें जातें. समजा, ६० लाखांच्या आकारणीपैकीं ३६ लाखच वसूल झाले. पुढील वर्षीं तेवढ्याच लोकांकडून पूर्ण खर्च काढावयाचा तर शंभराचा दर १६७ करावा लागेल. म्हणजे बुडविणाऱ्याचें देणें प्रामाणिक मनुष्य भरतो. व चारीच्या शेवटास असणारा तर पाणीही गमावतो व दरही भरतो.

शहरांतील व परदेशांतील अनुभव

लातूर शहराचा पाणीपुरवठा २००८ सालीं दहा वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीच्या हातीं देण्यांत आला होता. मीटर व दर यांवरून नागरिकांनीं जोराचा विरोध केला, व मुदत पुरी होण्यापूर्वींच ती व्यवस्था मोडली. ज्यांनीं दर द्यावयाचा त्यांस आधीं विश्वासांत न घेतां नवी व्यवस्था लादली म्हणजे ती टिकत नाहीं, एवढा धडा त्यांतून शेतकऱ्यांनींही घ्यावा.

दूरचें उदाहरण विलायतेचें. इंग्लंड व वेल्समध्यें १९८९ सालीं पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे गेला, व त्यांच्या दरांवर देखरेख करण्यास ऑफवॉट नांवाचें नियामक मंडळ नेमण्यांत आलें. दर पांच वर्षांनीं कंपन्यांनीं आपले हिशेब व पुढील योजना मांडावयाच्या, व मंडळानें दराची मर्यादा ठरवावयाची, असा तेथील शिरस्ता. हिशेब छापले जात, तपासले जात. तरीही लंडनची थेम्स वॉटर ही सर्वांत मोठी कंपनी अब्जावधी पौंडांच्या कर्जांत रुतली, नद्यांत मैलापाणी सुटल्याच्या तक्रारी वाढल्या, व २०२४ च्या डिसेंबरांत मंडळानें पांच वर्षांसाठीं सरासरी ३६ टक्के दरवाढ मंजूर केली. यावरून असें दिसतें कीं, हिशेब नुसता छापून भागत नाहीं. तो वाचणारा, त्यांतील कर्ज व दुरुस्ती यांकडे वेळींच बोट दाखविणारा ग्राहकही लागतो.

आपण काय करावें ?

आपला आवाज ऐकिला जात नाहीं असें म्हणून स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. पहिल्या आदेशापूर्वीं दराविषयींचा मूळ मसुदा इंग्रजींत होता. तो मराठींत द्यावा व ठिकठिकाणीं सभा घ्याव्या, अशी मागणी पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मंडळींनीं नेटानें केली, व ती पुष्कळ अंशीं मान्य झाली. कायद्यांतच पाणी वापरणाऱ्यांचें मत घ्यावें असें लिहिलें आहे. तेव्हां पुढें जेव्हां जेव्हां दराचा मसुदा निघेल, तेव्हां आपल्या गांवच्या संस्थेनें खालील प्रश्न लेखी विचारावे, अशी आमची सूचना आहे :

१. आमच्या प्रकल्पाचा गेल्या पांच वर्षांचा खर्च वर्षवार किती, व त्यांत पगार, वीज व दुरुस्ती यांचा हिस्सा किती?

२. कालव्याच्या तोंडाशीं किती पाणी सोडलें, व आकारणी किती पाण्याची झाली?

३. मोजण्याचीं साधनें किती ठिकाणीं आहेत, व त्यांपैकीं चालू स्थितींत किती?

४. शेती, शहरें व कारखाने यांची आकारणी, वसुली व थकबाकी निरनिराळी किती?

५. मागील दरवाढींतून आलेल्या पैशांपैकीं आमच्या कालव्यावर दुरुस्तीस किती लागला?

हे आंकडे सहजीं न मिळाल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें ते मागतां येतात. दहा रुपयांच्या शुल्कानें अर्ज होतो व सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्ज एकट्यादुकट्यानें करण्यापेक्षां संस्थेंत ठराव करून करावा, म्हणजे आलेलें उत्तर सर्वांच्या समोर वाचलें जाईल.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या पाणी वापर संस्था. २००५ च्या दुसऱ्या कायद्यानें अशा संस्थेस घनमापनानें, म्हणजे मोजून, पाणी घेण्याचा व आपल्या सभासदांत तें वांटण्याचा अधिकार दिला आहे. व तिच्या संचालकांत चारीच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागांतील शेतकऱ्यांस सारखी जागा ठेविली आहे. नाशिक जिल्ह्यांत ओझरकडे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नानें वाघाड धरणावर अशा संस्था उभ्या राहिल्या व त्यांनीं सबंध प्रकल्पाचा कारभार हातीं घेतला, हें सर्वश्रुत आहे. तेथें सभासदास आपलें पाणी किती, दर किती व शिल्लक किती तें फळ्यावर वाचतां येतें. आपल्याकडेही पुष्कळ संस्था कागदावर नोंदलेल्या आहेत. परंतु ज्यांची वार्षिक सभा भरते, जमाखर्च वाचला जातो व शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाणी पोहोंचल्याची नोंद होते, अशा किती निघतील? सरकारपाशीं हिशेब मागावयाचा तर आधीं आपल्या संस्थेची वही उघडी ठेविली पाहिजे.

दर वाढूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या कालव्यावर खर्च होत नाहीं तो कालवा मरतो, व कालवा मेला म्हणजे स्वस्त पट्टीचा उपयोग काय? आमचें म्हणणें इतकेंच कीं, वाढीचा प्रत्येक पैसा हिशेबाच्या मागून यावा, पुढें धांवूं नये. आमच्या चारीवरील सभासदांनीं गेल्या हंगामांत वर्गणी करून नवी मोजपट्टी बसविली. तिच्यामुळें दर उतरला नाहीं, व पाणीही वाढलें नाहीं. पण पहिल्याच पाळीस वहींतील आंकडा व पट्टीवरील आंकडा यांत फरक पडला, तो आम्हीं दाखविला, व नोंद करणाऱ्या गृहस्थांनीं वहींतील आंकडा खोडून खरा लिहिला. एवढें काम प्रत्येक चारीवर होण्यासारखें आहे. रब्बीचीं पाणी सुटण्यापूर्वीं तें वाचकांनीं आपापल्या गांवीं करून पाहावें.